कुठल्या प्रश्नाचं

अर्धविराम. संगणकावरच्या काळ्या खिडकीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, जिथं काहीही असायला नको होतं तिथं, एक प्रश्नचिन्ह, दोन आकडे, त्यांच्या पाठीशी हा अर्धविराम — आणि त्याच्याही मागे एकटा पडलेला 'सी'. कुणी टाइप केलेला नाही, कुणी मागितलेला नाही. तिनं दोन्ही हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले, मी नाही हं काही केलं अशा थाटात, आणि मग स्वतःचीच चीड आली, कारण खोलीत बघणारं होतं कोण? बाबा होते, पण ते खऱ्या खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसलेले, मांडीवर शाल, त्यावर उजवा हात, सकाळी तिनंच उचलून ठेवलेला. कर्सर त्या 'सी'च्या पुढे लुकलुकत होता. बोला, म्हणत होता. पुढे बोला.

काय बोलायचं… गेले कित्येक दिवस ती या एका अक्षराच्या मागे होती. तिचा शेल — म्हणजे माणसाच्या आज्ञा वाचून त्या यंत्राकडून करून घेणारा प्रोग्राम, ज्यावर तिनं आयुष्याची चांगली वर्षं घातली होती — तो सुरू झाला की सगळ्यात आधी टर्मिनलला एक प्रश्न विचारतो. टर्मिनल म्हणजे ही काळी खिडकी. तू कोण, तुला काय काय येतं, एवढाच प्रश्न. खिडकीनं उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर येतं त्याच वाटेनं, ज्या वाटेनं माणसानं दाबलेली अक्षरं येतात. दुसरं दारच नाही. उत्तर वेळेत आलं तर शेल ते ओळखतो, खिशात टाकतो, कुणाला पत्ताही लागत नाही. उशिरा आलं, तर तोवर शेलनं वाट बघणं सोडून दिलेलं असतं, माणसासाठी दार उघडून दिलेलं असतं, आणि मग ते उत्तर माणसाचं बोलणं समजून घेतलं जातं. अक्षर न् अक्षर बरोबर असतं ते. फक्त कुठल्या प्रश्नाचं, हे विचारणाऱ्याच्या लक्षात राहिलेलं नसतं.

गिऱ्हाइकांनी डोकं खाल्लं होतं. कुणाच्या पडद्यावर नुसता कचरा दिसायचा, कुणाच्या पहिल्याच आज्ञेला तो 'सी' चिकटायचा आणि आज्ञा मोडायची, मग त्यांची पत्रं, मग वरच्यांची पत्रं, मग बैठक. आणि गंमत अशी — तिला हल्ली सगळ्या वाईट गोष्टींना गंमत म्हणायची सवय लागली होती — गंमत अशी की चूक शोधायला बसलं की चूक व्हायचीच नाही. शेल काय करतोय हे बघण्यासाठी ती मध्ये नोंदीच्या चार ओळी घालायची, त्या नोंदी करण्यात शेलचा जरासा वेळ जायचा, आणि तेवढ्या उसंतीत उत्तर येऊन पोचायचं. कोपरा स्वच्छ. नोंदी काढल्या की 'सी' हजर. डॉक्टरांकडेही हेच झालं होतं. डॉक्टर समोर बसले, एक प्रश्न विचारला, आपल्या गळ्यातली नळी नीट केली, पेनाचं टोपण शोधलं, आणि बाबा म्हणाले, "बरंय." डॉक्टर हसून तिच्याकडे वळले. "अहो, बोलतात की छान. समजतंय सगळं. अर्धांगाच्या झटक्यानं फक्त बाहेर पडायची वाट मंदावली आहे. वेळ द्या त्यांना." दादानं मान डोलावली, तिनं मान डोलावली. कुणाच्या बापाचं काय जातं मान डोलवायला.

फोन वाजला. टर्मिनलवाला होता. ती खिडकी लिहिणाऱ्या गटातला हा इसम, ज्याचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं आणि ज्याचा आवाज तिला सख्ख्या भावाच्या आवाजापेक्षा जास्त ओळखीचा झाला होता.

"तुझा शेल फार उतावळा आहे बघ," तो म्हणाला. "विचारतो आणि लगेच पाठ फिरवतो. समोरच्याला तोंड उघडायला तरी वेळ देशील की नाही?"

"आणि तुझं टर्मिनल आधी दार उघडतं आणि मग झोपेतून उठतं, त्याचं काय?"

"अगं, लांबच्या मशीनवर बसलेली असतात माणसं. वाटेत वेळ जातो. थांबव ना त्याला जरा जास्त."

"सगळ्यांना थांबवू? ज्यांचं उत्तर लगेच येतं त्यांनाही? रोज, प्रत्येक वेळी खिडकी उघडताना?"

"मग विचारूच नकोस. धरून चाल काहीतरी."

"धरून चालून तुझ्या खिडकीतले रंग चुकले की पुन्हा तूच माझ्या नावानं खडे फोडशील."

तो हसला. पलीकडे चमचा कपावर वाजल्याचा आवाज आला. "मग गिळून टाक. उशिरा आलेलं उत्तर दारातच ओळखायचं आणि गिळून टाकायचं. पडद्यावर येऊच द्यायचं नाही. कुणाला काय कळतंय?"

"बघते," ती म्हणाली. आजच द्यायचं होतं, वरच्यांनी सकाळीच आठवण केली होती. तिन्ही वाटा तिला आधीच माहीत होत्या आणि कुठली घेतली जाणार तेही माहीत होतं. जी बाहेरून स्वच्छ दिसते ती.

उतावळा… तिनं फोन खाली ठेवला आणि बाबांच्या पाठीकडे पाहिलं. घाईबाई. ही पदवी बाबांची. ताटावर बसल्यावर ते सुरू करायचे, "आज शाळेत —" आणि तिचं उत्तर तयार, "काही नाही झालं!" दादा खो खो हसायचा. "घाईबाई, प्रश्न तर पुरा होऊ दे. मी विचारणार होतो, आज शाळेत कुठली कविता घेतली." ते कोर्टात स्टेनो होते. दिवसभर लोकांचे प्रश्न आणि लोकांची उत्तरं लघुलिपीत उतरवायची आणि संध्याकाळी टाइप करायची, हा धंदा. त्यामुळे घरी आल्यावरही त्यांचे कान त्याच कामात असायचे. 'हो' म्हणाला, एवढं लिहून भागत नाही गं, ते म्हणायचे, कशाला हो म्हणाला ते वर लिहावं लागतं, नाहीतर त्या 'हो'चा कुणीही काहीही अर्थ लावेल. आणि साक्षीदार बोललाच नाही तर एक ठरलेला शब्दप्रयोग होता — 'साक्षीदार गप्प'. किती वेळ थांबून हे लिहायचं, हे तिनं एकदा विचारलं होतं. कुठंच लिहिलेलं नाही, बाबा म्हणाले होते. न्यायाधीशांच्या मर्जीवर. जेवणाची सुट्टी जवळ आली की साक्षीदार फार लवकर गप्प होतात. स्वतःच्याच विनोदावर ते इतके हसले होते की आईनं त्यांच्या पाठीवर थोपटलं होतं.

आणि आता ते स्वतःच… नको. ती उठली, त्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली, आणि सवयीनं विचारून बसली, "बाबा, टेकायला नीट आहे ना?" आणि उत्तराची वाट न बघता परत टेबलाशी आली. खुर्ची ओढून बसेपर्यंत मागून आलं, "आहे."

इतर कुणालाही जे कळलं नव्हतं ते तिला कळलं होतं, आणि तेही प्रेमानं वगैरे नाही, धंद्यातल्या सवयीनं कळलं होतं. पहिले काही महिने तिलाही वाटायचं की बाबांचं डोकं बिघडत चाललं आहे. चहा देऊ का विचारावं तर गप्प. झोप लागली का विचारावं तर म्हणायचे 'दे'. टीव्ही लावू का म्हणावं तर म्हणायचे 'लागली'. दादा तर फोनवर रडलाच होता, बाबा काहीतरीच बोलतात गं म्हणून. मग एका सकाळी, दात घासता घासता, तिच्या लक्षात आलं की हे काहीतरी नाहीच आहे. हे सगळं बरोबर आहे, फक्त एक घर मागे आहे. बाबा एकही प्रश्न गाळत नव्हते. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ते देत होते, रांगेनं, इमानानं, कोर्टात जसं उतरवायचे तसं. साधं उत्तर लवकर यायचं, जड प्रश्नाचं वाटेतच कितीतरी वेळ रेंगाळायचं. आणि आपण मध्येच दुसरा प्रश्न टाकून त्यांच्या रांगेचा सत्यानाश करत होतो. एक विचारायचं आणि तोंड बंद ठेवायचं, बास, एवढंच करायचं होतं. तिनं तोंडातला फेस तसाच ठेवून बाहेर येऊन करूनही पाहिलं. आनंद झाला होता तिला. खरोखरीचा, नाचावंसं वाटावं असा.

किती दिवस टिकला तो आनंद? एक विचारायचं आणि थांबायचं, हे ऐकायला सोपं आहे. हातात ओला टॉवेल आहे, दूध उतू जातंय, बैठकीत चार माणसं ताटकळली आहेत, आणि समोरचा माणूस ओठ मिटून आपल्याकडे बघतोय, त्याचं उत्तर निघालेलं आहे, वाटेत आहे, आणि ते येईपर्यंत आपण उभं राहायचं. दिवसातून कितीदा? मी उभी राहिले. मग बसले. मग हळूहळू मीही त्यांना दोन-दोन प्रश्न एकदम विचारू लागले, मग पुष्कळ गोष्टी न विचारताच करू लागले. धरून चालू लागले. बाबांना साखर हवीच असणार, बाबांना झोप आलीच असणार. टर्मिनलवाल्याला कशाला नावं ठेवायची?

दादाला तिनं सांगून पाहिलं होतं. "एक विचार आणि थांब रे जरा."

"थांबतो की मी," दादा म्हणाला होता, आणि खरंच त्याची तशी समजूत होती. दर रविवारी त्याचा फोन यायचा, ती फोन बाबांच्या कानाला लावायची, आणि आतून ऐकू यायचं, "काय म्हणता बाबा? बरंय ना? जेवलात का? छान, छान." फोन ठेवून झाल्यावर बाबा एकेक उत्तर द्यायचे. भिंतीला.

'तिकडे'ची कल्पना दादाचीच. म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणाऱ्या त्या जागेला नाव होतं, पाटी होती, बाग होती, चोवीस तास नर्स होती, पण घरात तिला सगळे 'तिकडे' म्हणत. तिकडे माणसं आहेत. तिकडे तुझ्यासारखं एकटीवर पडणार नाही. दादा हे बोलला तेव्हा ती रागावली, पोटतिडकीनं भांडली, बाबा इथंच राहतील म्हणाली, आणि रात्री त्या भांडणाची उजळणी करताना तिला स्वच्छ दिसलं की आपण हरण्यासाठी भांडत होतो. सुटका हवी होती तिला. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. ही खोली रिकामी झाली की टेबल खिडकीशी घ्यायचं, उन्हात, इथवर तिनं ठरवून टाकलं होतं, आणि ते ठरवताना बाबांची खुर्ची मनातल्या मनात कुठंतरी सरकवली होती, कुठं ते बघितलं नव्हतं. फक्त एक अडचण होती. तिकडचा नियम असा की माणूस आपल्या तोंडानं येतो म्हणाला पाहिजे. तिकडच्या बाई स्वतः घरी येऊन ऐकतात. उगाच कुणाला उचलून आणलेलं आम्हाला चालत नाही, असं त्यांनी दादाला फोनवर ठणकावलं होतं. त्या आज येणार होत्या.

आणि बाबांना काय हवं आहे, हे तिनं त्यांना आजवर विचारलं नव्हतं. सगळ्या जगात तिलाच तेवढं विचारता आलं असतं.

घंटी वाजली तेव्हा ऊन सरकत सरकत बाबांच्या चेहऱ्यावर आलेलं होतं.

दादा घाम पुसत आत आला. गाडी भलत्याच ठिकाणी लावून आला होता, त्यामुळे पहिल्या क्षणापासून त्याचं अर्धं लक्ष खाली होतं. मागून तिकडच्या बाई. करड्या केसांच्या, सुती कपड्यांतल्या, चपला दारात नीट जोडून ठेवणाऱ्या. ती त्यांना वाईट ठरवायला तयारच होती, पण बाई चांगल्या निघाल्या. त्यांनी बाबांच्या समोर स्टूल ओढलं, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला बसल्या, त्यांचा निर्जीव हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "आजोबा, मी फक्त ऐकायला आले आहे. तुम्ही नाही म्हणालात तर आल्या पावली परत जाईन."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. ती चहाचे कप ट्रेमध्ये ठेवत होती. दादा खिडकीशी उभा होता, खाली वाकून गाडी दिसते का बघत.

"ऊन येतंय तोंडावर," तो म्हणाला. "बाबा, पडदा ओढू का?" आणि ओढलाच. कड्या खळखळल्या, खोलीत एकदम सावली झाली. आणि त्याच दमात, तसाच पडद्याची किनार धरून, तो खाली वाकला आणि मोठ्यानं, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "बाबा, नेऊ ना मग तुम्हाला तिकडे?"

नेऊ ना. त्या 'ना'मध्ये 'हो' आधीच बसवून दिलेला असतो, तो फक्त उचलायचा असतो… ती ट्रे धरून उभी राहिली. बाई थांबल्या. खरंच थांबल्या, हेही म्हणायला हवं. दादानं पुन्हा तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच त्याला गप्प केलं. बाबांचे डोळे पडद्याकडे गेले, परत आले. ओठ हलले.

"हो," बाबा म्हणाले.

स्पष्ट. ठणठणीत. कित्येक दिवसांत इतका सुटा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. बाईंचा चेहरा फुलला. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं ते मनगटानं पुसलं, आणि ते पाणी खोटं नव्हतं.

ते पडद्याचं होतं.

पाचच शब्द होते सांगायला. 'ते पडद्याचं होतं, थांबा जरा.' वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, पुरं, व्याकरणशुद्ध. जिभेच्या टोकावर म्हणतात तसं नाही, त्याच्याही पुढे, दातांना लागलेलं. घाईबाईला काय कमी होतं? जन्मभर दुसऱ्याचा प्रश्न पुरा होण्याआधी बोलत आली ती. तिनं ट्रेमधला एक कप उचलला आणि दुसऱ्या बशीत ठेवला. मग तो परत पहिल्या बशीत ठेवला.

"ऐकलंत ना?" दादा बाईंना म्हणाला.

"ऐकलं. किती स्पष्ट म्हणाले हो." त्यांनी बाबांच्या हातावर थोपटलं. "मग उद्या सकाळी गाडी पाठवते, आजोबा. छान खोली ठेवली आहे, बागेकडची."

"चहा?" ती म्हणाली. इतक्या वेळात तिच्या तोंडून निघालेला हा एकच शब्द.

"नाही गं, गाडी उचलून नेतील," दादा म्हणाला. "आणि यांचीही जेवणाची वेळ झाली." जेवणाची वेळ… तिला हसू फुटलं, आणि ते तिनं खोकल्यासारखं बाहेर काढलं. बाई अजून बसल्या असत्या. आणखी थोडं, फार नाही, चहा निवेपर्यंत. पण दादा जोड्यात पाय घालत होता, त्याला किल्ल्या सापडत नव्हत्या. आणि त्या तिला दिसल्या, पडद्यापाशी, खिडकीच्या कठड्यावर. तिनं जाऊन त्या उचलल्या आणि त्याच्या हातात नेऊन दिल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. जिन्यावरून दोघांची पावलं उतरत गेली, बाईंची सावकाश, दादाची भराभर.

तिनं दार लावलं. बाबांकडे न बघता टेबलाशी येऊन बसली.

काम सोपं होतं. खरं तर सकाळीच झालं असतं. शेल वाट बघून थकला की तेवढं लक्षात ठेवायचं, की आपण कुणाचं तरी उत्तर यायचं ठेवून पुढे निघालो आहोत. आणि नंतर त्या घाटाचं काही दारात आलं, प्रश्नचिन्ह, आकडे, अर्धविराम, 'सी', तर त्याला आत घेऊन मुकाट्यानं टाकून द्यायचं. माणसापर्यंत पोचू द्यायचं नाही. मोजक्या ओळी. बोटं आपोआप चालत होती. तिनं काळी खिडकी बंद केली, उघडली. बंद केली, उघडली. लांबच्या यंत्रावर जोडून, मुद्दाम वाट अडवून, उत्तर रेंगाळेल असं करून उघडली. कोपरा स्वच्छ. आत काय गिळलं गेलं याची खूणसुद्धा नाही. तिनं काम पाठवून दिलं, आणि टर्मिनलवाल्याचं उत्तर लगेच आलं, हा माणूस उत्तरं लगेच द्यायचा: "मस्त! गेलं एकदाचं."

गेलं एकदाचं… आणि तिनं मान वळवली. बाबांच्या चेहऱ्याची एक बाजू तिला दिसत होती, चालणारी बाजू. ओठ किंचित सुटले होते. जिभेचं टोक वर उचललं जात होतं, वरच्या दातांच्या मागे, हिरडीला टेकत होतं.

न.

रांगेतलं पुढचं उत्तर येत होतं. बाबा गाळत नव्हते काहीच, गाळणार नव्हते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, दार बंद होतं, जिना रिकामा होता. ते काय म्हणणार ते ऐकायला तिच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. तरीही ती उठली, पाय खुर्चीत अडकला, टेबलावरचा पाण्याचा पेला तिनं उचलला आणि धडपडत त्यांच्यासमोर जाऊन, धापा टाकत विचारलं —

"बाबा, पाणी देऊ?"

"नको," बाबा म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "नको तर नको." आणि पेला कठड्यावर ठेवून दिला.

किती चपखल बसलं! पाणी देऊ — नको. कोर्टात वाचून दाखवलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. ती पडद्याकडे तोंड करून कठड्याला टेकून उभी राहिली, आणि मग आपण काय केलं ते तिला हळूहळू कळत गेलं. तिनं नुसता तोंडाला येईल तो प्रश्न विचारला नव्हता. दुखतंय का, असं विचारलं असतं, झोप येते का, असं विचारलं असतं, तर त्याला 'नाही' लागलं असतं, 'नको' तिथं उपरं दिसलं असतं. घाईत, पाय अडकत, ऐन वेळी तिनं नेमका असा प्रश्न निवडला होता ज्यात 'नको' मावेल. आणि कुणासाठी? दादा गेला, बाई गेल्या. ऐकणारी मी एकटी. म्हणजे माझ्यापासूनच लपवायचं होतं, आणि मी लपवलंही, आणि मलाच ते ठाऊक आहे. इतकी हुशारी मी आयुष्यात दुसरीकडे कुठं दाखवली असती तर कुठल्या कुठं गेले असते.

फोन थरथरला. दादाचा निरोप. 'गाडी मिळाली, नशीब. बाबा आपण होऊन हो म्हणाले, मनावरचं ओझं उतरलं बघ. बाई विचारत होत्या, तूही ऐकलंस ना? तुझं एवढं आलं की त्या खोली पक्की करतात.'

तिनं तो वाचला. पुन्हा वाचला. चांगली बाई, तिनं मनात म्हटलं, कडवटपणे. दोन कानांवर भागवायला तयार नाही. उत्तर लिहायच्या रिकाम्या पट्टीत एक बारीक उभी रेघ लुकलुकत होती. 'हो' लिहायला अंगठ्याची अशी कितीशी हालचाल लागते? अंगठा पट्टीवर आला…

"दे," मागून आवाज आला.

ती वळली नाही.

"पाणी," बाबा म्हणाले, सावकाश, जड, पण दोन्ही अक्षरं पुरी. "दे."

पडदा ओढू का — हो. नेऊ ना — नको. पाणी देऊ — दे. सगळं जागच्या जागी होतं, एकाखाली एक, ते स्वतः टाइप करायचे तसं. त्यांना तहान लागली होती. खरोखरची तहान, कोण जाणे केव्हापासून, आणि पाणी त्यांच्या नाकासमोर आणून मी परत नेलं होतं.

तिनं फोन शालीवर टाकला आणि पेला उचलला. एक हात त्यांच्या मानेखाली, दुसऱ्या हातानं पेला ओठांना. बाबा घोट घोट प्यायले, मध्ये थांबले, पुन्हा प्यायले, थोडं हनुवटीवरून ओघळलं ते तिनं ओढणीनं टिपलं. पडद्याच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीप त्यांच्या कानावर पडली होती. ते तिच्याकडे बघत होते. त्यांना सगळं समजतं, डॉक्टर म्हणाले होते. किल्ल्या कुणी नेऊन दिल्या ते त्यांना दिसलं होतं. ते त्याच बाजूला तोंड करून बसले होते. रागावले आहेत का, हे विचारावंसं तिला वाटलं, आणि लगेच दुसरं, तिकडे नकोच ना, आणि तिसरं, मी काय करू बाबा, मी थकले हो… तीनही प्रश्न एकदम तोंडाशी आले. ती खाली, त्यांच्या खुर्चीच्या पायाशी, फरशीवर बसली आणि तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. एकही विचारला नाही. आता विचारला तर उत्तर येईल, आणि ते त्याच प्रश्नाचं असेल.

शालीवर फोन पुन्हा थरथरला. दादा. 'अगं, ऐकलंस ना?'

पट्टीतली ती बारीक रेघ तिच्याकडे बघत लुकलुकत राहिली. माझ्याकडे शब्द नव्हता असं नाही. दोन होते, आणि दोन्ही खरे ऐकलेले. बाबांचा चांगला हात तिच्या केसांवर येऊन थांबला, की नुसता घसरून पडला, तेही तिला नीट कळलं नाही. त्या हाताला एके काळी फार वेग होता. आत्ता समोर टंकयंत्र असतं, तर दादाच्या प्रश्नाखाली त्यानं कोर्टातला कुठला ठरलेला शब्दप्रयोग टाइप केला असता ते मला माहीत आहे, आणि किती वेळ थांबून केला असता, तेवढं मी फरशीवर बसून बघत होते.